बंगळुरात पाणी किती अंशांवर उकळते

मनोरमाबाई निपाणीकर आमच्या दुकानात पहिल्यांदा आल्या त्या कोट शिवून घ्यायला. राज्याची नवी रचना झाली होती आणि बेळगाव-निपाणीकडची पुष्कळ मंडळी नोकरीसाठी बंगळुरात येऊ लागली होती. त्या सुमारास बाई इथल्या एका मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला आल्या. चिकपेटेतल्या आमच्या दुकानाची पाटी कानडीत आणि इंग्रजीत आहे, पण आत आम्ही घरची मराठीच बोलतो. ती त्यांच्या कानावर पडली असावी. पायरीवर उभ्या राहून त्यांनी विचारले, पातळावरून घालता येईल असा जाड पांढरा कोट शिवाल का? बाह्या मनगटाशी घट्ट हव्यात, कारण काम करताना खाली ज्योत पेटलेली असते.

उभ्या आयुष्यात मी बाईमाणसाचा कोट शिवला नव्हता. निऱ्यांसाठी घेर किती सोडावा, माप कुणी घ्यावे, कापड बिघडले तर काय करावे, अशा विवंचनेत मी उभा होतो. बाईंचे लक्ष भलतीकडेच होते. तेलकट डाग काढायला आम्ही पेट्रोल वापरतो. त्याची बाटली टेबलावर होती आणि हातभर अंतरावर कोळशाची इस्त्री धगधगत होती. बाईंनी बाटली उचलली, बूच घट्ट बसवले आणि ती बाहेर पायरीच्या कडेला नेऊन ठेवली. मग म्हणाल्या, "अण्णा, ही दोघं एका खोलीत नकोत. बाटली जिथं आहे तिथंच पेट्रोल आहे असं समजू नका. ते मघाच इस्त्रीपर्यंत पोचलंय, तुम्हाला दिसत नाही इतकंच."

वडिलांच्या काळापासून आम्ही असेच करत आलो, कधी काही झाले नाही, असे मी म्हणालो. "मग देवाचे आभार माना आणि उद्यापासून बाहेर ठेवा," असे उत्तर आले.

जाण्याआधी त्यांनी माझ्या एका तळहातावर पाण्याचा थेंब ठेवला आणि दुसऱ्यावर पेट्रोलचा. पेट्रोल बघता बघता उडाले आणि तळहात गार पडला. पाणी तसेच राहिले. बाईंनी टेबलावरचा अर्धवट कोट हातात घेतला. त्याच्या बाहीची शिलाई पक्की झाली होती, पण ती अंगाला अजून कच्च्या टाक्यांनीच जोडलेली होती. त्या म्हणाल्या की कुठल्याही पदार्थाचे असेच असते. कणाच्या आतली शिलाई पक्की असते, पण एक कण दुसऱ्या कणाला नुसत्या कच्च्या टाक्यांनी धरून असतो. पेट्रोलचे टाके सैल, म्हणून ते लगेच सुटते. पाण्याचे टाके जवळजवळ घातलेले, म्हणून त्याला सोडवायला जास्त उष्णता लागते. पाणी उकळते तेव्हा कच्चे टाके उसवतात, पक्की शिलाई तशीच राहते, म्हणून वाफ झाली तरी ते पाणीच असते. मी जन्मभर कच्चे टाके घातले आणि उसवले, पण त्यांच्यावरून कुणी मला जगाची गोष्ट सांगेल असे कधी वाटले नव्हते.

बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी लिहावे असे समितीने सांगितले, तेव्हापासून मला झोप नाही. माझे शिक्षण चार इयत्तांचे, तेही कानडी शाळेत. मराठी वाचायला वडिलांनी घरी शिकवले. इथे प्राध्यापकांचे लेख असतील आणि त्यांच्या शेजारी माझा. शास्त्राच्या बाबतीत मी काही चुकीचे लिहिले तर समितीने ते बेलाशक कापावे. मात्र माझ्या मुलीचे शिक्षण टिकले ते बाईंमुळे, एवढे मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो, आणि ते कसे टिकले हे सांगणे माझे काम आहे.

बाईंचा स्वभाव असा की जिथे चार माणसे भेटतील तिथे त्यांचा वर्ग भरतो. आमच्या समाजाच्या सभागृहात त्यांनी रविवारचा वर्ग सुरू केला. फी नाही, परीक्षा नाही, यावे आणि ऐकावे. सुरुवातीला पुरुष मागे बसून पेंगत आणि बायका पुढे बसून हसत. मग डाळीचा विषय निघाला आणि सगळे जागे झाले.

त्याचे असे झाले. माझ्या थोरल्या बंधूंची सून कारवारची. ती या घरात आल्यापासून तिच्या हातची तुरीची डाळ नीट शिजत नसे. वहिनी रोज बोलत, माहेरी काही शिकवले की नाही म्हणून. ती बिचारी म्हणे, माहेरी एवढ्याच वेळात मऊ होते. वर्गात दुसऱ्या दोन-तीन घरांतल्या सुनाही हेच सांगू लागल्या, आणि त्या सगळ्या समुद्रकाठच्या निघाल्या. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मग समजावून सांगितले की आपले बंगळूर उंचावर आहे. समुद्रकाठी पाण्यावर हवेचा जेवढा भार असतो तेवढा इथे नाही. भार कमी, म्हणून इथे पाण्याच्या कणांना सुटून जाणे सोपे पडते आणि पाणी कमी उष्णतेवरच उकळू लागते. शंभर अंश होण्याआधीच, साधारण सत्त्याण्णववर. एकदा उकळू लागले की खाली कितीही जाळ करा, वाफ वाढेल, पाणी आणखी तापणार नाही. म्हणून इथे डाळीला वेळ जास्त द्यायचा, आधी भिजत घालायची, आणि सुनेला बोलायचे नाही.

शेवटचे वाक्य बायकांनी घरोघर पोचवले. आमच्या वहिनी चार दिवस गप्प होत्या, मग डाळ भिजत घालू लागल्या. थोरल्यांनी मात्र ते मानले नाही. पाणी उकळले म्हणजे उकळले, त्यात इथले आणि तिथले काय, असे ते म्हणाले. बाईमाणसांनी एकमेकींना सांभाळून घ्यायला काढलेली गोष्ट आहे ती, असा त्यांचा निकाल होता.

थोरले म्हणजे आमच्या घरचे कर्ते. माझी धाकटी मुलगी कमल हिला कॉलेजात घालायचे ठरले तेही त्यांच्या परवानगीने. तिची आई ती शाळेत असतानाच गेली होती, आणि एक चांगले स्थळ सांगून आले होते. थोरल्यांनी परवानगी दिली, पण सगळ्यांसमक्ष अट घातली. एकदा जरी नापास झाली तरी शिक्षण तिथेच थांबायचे आणि त्याच वर्षी लग्न. मी सरी, म्हणजे बरे, म्हणालो. कमलने मान डोलावली आणि आत गेली. तिच्या मनात काय होते ते मला रोज दिसत असे. दुकानाच्या माळ्यावर बसून ती वाचायची. खाली मशीन थांबले की तिचे पुटपुटणे ऐकू यायचे.

कॉलेजात ती बाईंच्या हाताखाली आली. प्रयोगशाळेत बाईंचा एकच नियम होता. जे दिसले तेच लिहायचे. ऐकायला हे सोपे वाटते, पण बंगळुरातल्या मुलामुलींची वेगळीच रीत पडली होती. पाणी उकळायचा प्रयोग आला की थर्मामीटरकडे कुणी बघतच नसे. बुडबुडे आले की वहीत शंभर लिहायचे, कारण पुस्तकात शंभर होते आणि तपासणारेही पुस्तक बघूनच गुण देत. बाईंच्या मुली तेवढ्या सत्त्याण्णव लिहीत. भिंतीवर हवेचा भार मोजायचे यंत्र होते, तेही त्या रोज वाचून वहीत टिपत. दुसरे शिक्षक बाईंना म्हणत की कशाला मुलींचे गुण घालवता. बाई म्हणत, गुण मी घालवत नाही, पाणी घालवते.

मला हे कळले आणि माझी अन्नावरची वासना उडाली. बी.एस्सी.ची पहिली परीक्षा आठवड्यावर आली होती. परीक्षक बाहेरून येणार होते, समुद्रकाठच्या मोठ्या शहरातून. ते सत्त्याण्णव पाहून काय करतील हे मला स्पष्ट दिसत होते. मी बसवनगुडीतल्या बाईंच्या बिऱ्हाडी गेलो. त्यांच्या वृद्ध मातोश्री ओसरीवर शेंगा सोलत होत्या. बाई म्हणाल्या, "स्वल्प बसा अण्णा, कॉफी टाकते." इतक्या दिवसांत त्याही इथल्या झाल्या होत्या.

मी बसलो नाही. उभ्या उभ्याच सांगून टाकले. "बाई, परीक्षेपुरतं तेवढं शंभर लिहू द्या पोरीला. मग जन्मभर सत्त्याण्णव लिहू दे."

बाई रागावल्या नाहीत. थोरल्यांची अट त्यांना कमलकडून कळली होती. त्यांनी कॉफीचे आधण ठेवले होते, त्यातच कपाटातला थर्मामीटर धरला आणि मला म्हणाल्या, टेप वाचता तसे हे वाचा. मी चष्मा पुसून वाचले. पाणी खळखळत होते आणि पारा शंभराच्या खाली तीन रेघांवर उभा होता. मी जाळ मोठा केला. पारा हलला नाही.

"अण्णा, गिऱ्हाइकाची छाती अडतीस भरली आणि पुस्तकात चाळीस लिहिलेली असली, तर तुम्ही कापड कितीचं कापता?"

"अडतीसचं. पण बाई, माझं गिऱ्हाईक पुस्तक वाचून येत नाही. तुमचं येतं."

यावर मातोश्री खुदकन हसल्या. बाईही हसल्या. म्हणाल्या की तुमची भीती खोटी नाही. परीक्षक काय करतील हे मला सांगता येत नाही. पण कमलला मी आज डोळे मिटून लिहायला शिकवले, तर ती पास होऊनही मी तिला काही शिकवले असे होणार नाही. मी तिथे असेन, एवढा शब्द देते.

त्या शब्दावर मी घरी आलो. झोप आली असे म्हणणार नाही.

परीक्षेच्या दिवशी मी कॉलेजच्या फाटकाबाहेर झाडाखाली बसून होतो. आत काय घडले ते मी कमलकडून आणि पुढे बाईंकडूनही ऐकले. दोघींच्या सांगण्यात फरक नाही.

प्रत्येक मुलीला नाव न लिहिलेली एक बाटली मिळाली. आतला द्रव उकळायचा, किती अंशांवर उकळतो ते टिपायचे आणि भिंतीवरचा तक्ता पाहून तो कोणता ते सांगायचे. परीक्षकांनी काही बाटल्यांत मुद्दाम साधे पाणीच भरले होते. परीक्षेत कुणी पाणी देईल असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. कमलच्या बाटलीत पाणी होते. पारा सत्त्याण्णववर थांबला. आता गंमत अशी की तक्त्यात सत्त्याण्णवसमोर प्रोपिल अल्कोहोल नावाचा दुसराच द्रव आहे, तोही पाण्यासारखाच दिसणारा. पाणी शंभरासमोर. बंगळुरात तक्ता पाहून लिहिले की पाण्याला अल्कोहोल म्हणायची पाळी यावी, अशी ती अडचण होती.

कमलने तीन ओळी लिहिल्या. पहिलीत सत्त्याण्णव. दुसरीत पाणी. तिसरीत कारण, की या गावात हवेचा भार कमी असल्याने प्रत्येक द्रव तक्त्यापेक्षा लवकर उकळतो, आणि हा द्रव अल्कोहोल असता तर इथे सत्त्याण्णवच्या आधीच उकळला असता.

परीक्षकांनी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि थांबले. आकडा एका द्रवाचा आणि नाव दुसऱ्याचे, म्हणजे नाव शेजारणीचे बघून लिहिले, असे त्यांनी ठरवले. शेजारच्या मुलीकडेही पाणीच होते. तिने वास नाही म्हणून पाणी ओळखून रिवाजाप्रमाणे शंभर लिहिले होते आणि तिला पूर्ण गुण मिळाले होते. कमलच्या कागदावर त्यांनी तांबडी रेघ ओढली आणि तिला बाजूला उभे राहायला सांगितले. कमल एवढेच म्हणाली की सर, मी पाहिले ते लिहिले.

बाई खुर्चीवरून उठल्या. आवाज चढवला नाही. त्यांनी परीक्षकांना तिसरी ओळ वाचायची विनंती केली. त्यांनी वाचली आणि म्हणाले की चूक झाकायला मुली काहीही लिहितात. तेव्हा बाईंनी विचारले की आपण आपला स्वतःचा थर्मामीटर आणला आहे ना, मग कॉफीच्या आधी आपणच थोडे पाणी उकळून पाहावे.

गृहस्थ कडक असले तरी सरळ होते. त्यांनी पाणी ठेवले. बुडबुडे आले आणि पारा सत्त्याण्णववर थांबला. त्यांनी थर्मामीटर काढला, पुसला, पुन्हा धरला. ज्योत मोठी केली. पाणी उसळ्या मारू लागले, पारा तिथेच. सगळ्या मुली आपापले काम टाकून बघत होत्या. शेवटी ते वळून भिंतीवरच्या यंत्राकडे गेले आणि हवेचा भार वाचला. मग म्हणाले, "मी जन्मभर समुद्राजवळ राहिलो. तिथं पाण्यानं नेहमी पुस्तकाचं ऐकलं." त्यांनी कमलचा कागद मागवला, तांबडी रेघ आपल्या हाताने खोडली आणि खाली सही केली.

गोष्ट इथे संपली असती तर तीही बाईंच्या गौरवाला पुरेशी होती. पण परीक्षकांचा राग आता दुसरीकडे वळला. ज्यांनी ज्यांनी पाण्यासाठी शंभर लिहिले होते त्यांनी न बघता लिहिले हे उघड झाले होते, आणि त्या सगळ्यांना शून्य द्यायला ते निघाले. त्यांत बाईंची विद्यार्थिनी एकही नव्हती. बाईंना गप्प बसता आले असते. त्या म्हणाल्या, "ह्यांना शंभर आम्हीच शिकवलंय. शून्य द्यायचं तर आधी आम्हाला द्या. मग ह्यांना पुन्हा एकदा पाणी उकळू द्या, या वेळी बघून."

परीक्षकांनी ते मान्य केले. सगळ्या वर्गाने पुन्हा ज्योती पेटवल्या.

बाहेर ऊन कलले तरी मुली येईनात. कमल आली ती लाल डोळ्यांनी, आणि म्हणाली, "अप्पा, सगळ्यांना परत पाणी उकळायला लावलं." मला वाटले संपले. सांगून आलेल्या स्थळाकडे निरोप कुणी न्यायचा इथपर्यंत माझा विचार पोचला होता. इतक्यात बाई फाटकाशी आल्या आणि माझा चेहरा पाहून म्हणाल्या, "अण्णा, श्वास घ्या. माझ्या गिऱ्हाइकाला टेप दाखवली."

त्या दिवसाची किंमत बाईंनीच मोजली. पुन्हा पाणी उकळायला लावल्याचा काही सहकाऱ्यांना अपमान वाटला. ते पुष्कळ दिवस त्यांच्याशी बोलत नव्हते आणि परीक्षेच्या कामाचे बोलावणेही मध्यंतरी बंद झाले. त्याबद्दल बाईंच्या तोंडून मी एक शब्द ऐकला नाही. उलट त्या सहकाऱ्यांपैकी एकांची मुलगी आजारी पडली तेव्हा रोज संध्याकाळी तिला शिकवायला बाईच जात होत्या. माझ्या बाबतीतही तसेच. आता मला सुईचे नाक दिसत नाही, टीप वाकडी जाते, तरी बाई कोट माझ्याकडेच टाकतात. दुसरीकडे द्या म्हटले तर म्हणतात, वाकडी असली तरी बाही घट्ट बसते ना, मग झाले.

निकाल लागला. कमल वरच्या श्रेणीत पास झाली. थोरल्यांनी निकाल स्वतः वाचला. मग परीक्षेची हकीकत त्यांनी कमलला पुन्हा पुन्हा सांगायला लावली, विशेषतः परीक्षकांचा थर्मामीटर त्यांचा स्वतःचा होता तो भाग. पुढच्या रविवारी पागोटे बांधून ते बाईंच्या वर्गाला आले. सगळे चकित झाले. मागच्या बाकावर बसून शेवटपर्यंत ऐकले आणि मग उठून विचारले, "म्हणजे बाई, आमच्या सुनेचा दोष नव्हता?"

बाई म्हणाल्या की नव्हता.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर थोरल्यांनी सुनेला हाक मारली आणि सगळ्यांदेखत सांगितले की डाळीवरून या घरात तुला बोलले गेले ते चुकीचे होते. ती पदराने तोंड झाकून आत पळाली. वहिनींनी वाढता वाढता नुसती मान डोलावली. मग थोरले माझ्याकडे न बघता म्हणाले की पोरीला पुढे शिकू दे, स्थळवाल्यांना मी कळवतो.

कमल पुढे शिकली. आज ती के. आर. पुरमकडच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम करते. तिचे लग्नही झाले, तिच्या मनासारखे. सकाळी कारखान्याच्या गाडीला उशीर होतो की काय ही चिंता मला अजून रोज असते, पण ती माझी मला, तिला नाही. थोरल्यांची नात, म्हणजे त्या कारवारच्या सुनेची मुलगी, हिने यंदा हायस्कुलात विज्ञान घेतले आहे.

बाई आता कॉलेजातून निवृत्त होत आहेत. त्यांचे गुडघे दुखतात हे मला ठाऊक आहे, आणि त्या औषध वेळेवर घेत नाहीत हेही ठाऊक आहे. रविवारचा वर्ग चालू राहील असे त्यांनी जाहीर केले आहे. सभागृहाच्या पायऱ्या उंच आहेत. समितीने तिथे कठडा बसवावा अशी माझी सूचना आहे.

थोरले आता ऐंशीच्या घरात आहेत. मी हा लेख लिहितो आहे हे कळल्यावर त्यांनी मला बोलावून बजावले की त्यात त्यांचे एक वाक्य आलेच पाहिजे, आणि ते माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतले. ते असे: आमच्या घरात यापुढे कुठल्याही मुलीच्या शिक्षणाला अट नाही. ज्यांच्यामुळे हे वाक्य आमच्या घरात बोलले गेले, त्या मनोरमाबाईंनी ते खरे होताना आमच्या लेकी-नातींच्या पिढ्यांमधून पुष्कळ वर्षे पाहावे, चालत्या पायांनी आणि स्वच्छ डोळ्यांनी पाहावे, अशी मी देवाजवळ रोज प्रार्थना करतो.